पाणलाव्याला मांडव

भिवंडीत माणसाची गोदामं भाड्याने गेली आणि दुपारी झोप झाली की उरलेल्या वेळात त्याला कशाचं तरी अध्यक्ष व्हावंसं वाटायला लागतं. कुणी क्रिकेटच्या सामन्यांचा होतो, कुणी शर्यतीच्या बैलांचा. केसरीनाथ पक्ष्यांचा झाला. पक्ष्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सुरुवात साखरेपासून झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चालायचं. म्हणून केसरीनाथ पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट आणि गळ्यात ती जाड सोन्याची साखळी घालून शेलार गावाच्या पुढे स्वतःच्याच गोदामांच्या रस्त्यावर चालायला लागला. एके सकाळी तारेवर खंड्या बसलेला दिसला. निळाशार. त्याने मोबाइलवर फोटो काढला, वर ‘शुभ सकाळ’ लिहिलं आणि जेवढ्या ग्रुपांवर होता तेवढ्यांवर टाकला. लोकांनी अंगठे पाठवले. बस्स. ताप चढला तो उतरलाच नाही.

मंडळ काढायचं ठरलं, तेव्हा आधी फ्लेक्स छापला आणि मग माणसं गोळा केली. आपल्याकडे पद्धतच आहे तशी. ‘भिवंडी तालुका निसर्ग व पक्षी निरीक्षण मित्र मंडळ’. अध्यक्ष केसरीनाथ, सेक्रेटरी त्याचा शाळेपासूनचा दोस्त रामनाथ, आणि बाकीचे सगळे उपाध्यक्ष. साधा सभासद एकही नाही, कारण साधा सभासद व्हायला कुणी तयारच होईना. फ्लेक्स अंबाडी नाक्यावर लागला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत केसरीनाथचा चेहरा आणि खाली खांद्याशी एक लाल-निळा पोपट. तो पोपट रामनाथने इंटरनेटवरून उचललेला. तो राहतो समुद्रापलीकडे कुठल्या तरी जंगलात, पण स्वागत भिवंडी तालुक्याचं करत होता.

दर रविवारी क्षेत्रभेट. अंबाडी नाक्यावर सहाला भेटायचं, म्हणजे साडेसातला. मग वडे. मग चहा. मग जो उशिरा आला त्याच्यासाठी पुन्हा चहा. मग पाच गाड्यांचा ताफा वज्रेश्वरीच्या रस्त्याला निघायचा. एखाद्या झाडाखाली थांबले की धाड धाड दारं वाजायची, रामनाथच्या फोनमधून आरती सुरू व्हायची आणि ही सगळी पांढरीशुभ्र मंडळी दुर्बिणी लावून वर बघायची. पांढऱ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं अशी एका जागी जमलेली बघून पक्ष्यांना वाटत असणार, कुणाच्या तरी प्रचाराला आलेत. ते उडून जायचे. मग मंडळी वज्रेश्वरीला जाऊन गरम कुंडात डुंबायची आणि भूक लागली की परत फिरायची. भेटीचा अहवाल रामनाथ लिहायचा. एकदा त्याने लिहिलं होतं : ‘पक्षी भरपूर. जेवण चांगले.’

आता एवढ्यावर माणसाने सुखात राहावं की नाही? पण नाही. ठाण्याला एक जुना निसर्ग गट आहे. ते लोक मात्र खरंच पहाटे उठतात, चिखलात उतरतात आणि कुठे, कधी, कुणी, काय पाहिलं ते नीट नोंदवून ठेवतात. वर्षाच्या शेवटी जिल्ह्याची यादी काढतात. यादीत प्रत्येक नोंदीपुढे बघणाऱ्याचं नाव. आलेल्या नोंदी तपासायचं काम क्षितिजा नावाच्या एका तरुण बाईकडे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, बोलते हळू आणि खोटं चालवून घेत नाही.

केसरीनाथचं नाव सातबाऱ्यावर होतं, देवळाच्या पायरीवर होतं, स्मशानातल्या बाकावर होतं, दरवर्षी ढीगभर लग्नपत्रिकांमध्ये निमंत्रक म्हणून होतं. या एका यादीत नव्हतं. आणि तिथे पावती फाडून नाव घालता येत नाही हे कळल्यापासून त्याला ते जास्तच हवं झालं.

त्याने नोंदी पाठवल्या, असं नाही की पाठवल्या नाहीत. पहिली, मोबाइलच्या टॉवरवर बसलेलं पांढरं घुबड. क्षितिजाने उलट विचारलं, ‘घुबडाला खालून धागे लोंबतायत, ते बघितलेत का?’ तो पॉवरलूममधला सुताचा कचरा निघाला, वाऱ्याने उडून टॉवरला अडकलेला. दुसरी, गुलाबी पारवा, अतिशय दुर्मिळ. तो पारवा संध्याकाळी शिट्टी ऐकून आपल्या मालकाच्या गच्चीवर उतरला, आणि मालकाने सांगितलं, शेठ, पैजेला सोडायच्या आधी रंगवलाय, पाण्याने जातो. तेव्हापासून केसरीनाथची बायको पार्वती घरात झाडू मारताना सुताचा पुंजका दिसला की हाक मारायची, “अवो, तुमचा घुबड आलाय. फोटू काढता की केरात टाकू?”

तर गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. शेवटच्या गोदामामागे केसरीनाथचं एक भाताचं खाचर पडीक होतं. सखल जागा, बारमाही पाणी साचलेलं, पाणकणीस माजलेलं. आजूबाजूची सगळी खाचरं त्याने स्वतः भराव घालून बुजवली होती. हे तेवढं वाटणीच्या वादात अडकलेलं, आता कुठे सुटलेलं. तिथल्या कंपाउंडच्या भिंतीला तडा गेलाय म्हणून तो बघायला गेला आणि पार्वतीला व्हिडिओ कॉल लावून भिंत दाखवायला लागला. दाखवत होता भिंत, दिसत होता त्याचा गाल.

पार्वती म्हणाली, “तुमच्या कानामागं ती चष्मा लावलेली कोंबडी कोनाची हाय?”

“कंची कोंबडी?”

“ती बघा, गवतात. बसली हाय नं.”

केसरीनाथने मान वळवली. पाणकणसात, चिखलाच्या उंचवट्यावर, मातकट रंगाचा एक पक्षी दबून बसला होता. लांब चोच, डोळ्याभोवती खरंच चष्म्यासारखा पिवळट पट्टा. हलत नव्हता. आणि हे पहिल्यांदाच झालं की केसरीनाथही हलला नाही. पायाखालचा चिखल पांढऱ्या बुटात शिरला तरी नाही.

मग तो मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेऊन परत आला, लांबूनच फोटो काढले, पक्षी जरा उठला तेव्हा खाली अंडी दिसली तीही आली फोटोत, आणि क्षितिजाला पाठवलं : ‘मादी अंड्यावर बसलेली आहे. जागा माझी स्वतःची आहे.’

तिचा फोनच आला. “काका, हा रंगीत पाणलावा आहे. फोटो एकदम स्पष्ट आहे. तुमच्या तालुक्यातलं याचं घरटं आमच्या यादीत आजवर नाहीय.”

केसरीनाथ खुर्चीतून उठून उभा राहिला. फोनवरच.

“पण ही मादी नाही, नर आहे,” ती म्हणाली. “यांच्यात मादी जास्त रंगीत असते. ती अंडी घालते आणि दुसरा नर बघायला निघून जाते. अंडी उबवायची, पिल्लं सांभाळायची, सगळं नराने.”

फोन स्पीकरवर होता. पार्वती भाकरी थापता थापता म्हणाली, “शाहनी हाय बाई.”

“मी रविवारी येते,” क्षितिजा म्हणाली. “स्वतः बघितल्याशिवाय घरट्याची नोंद पक्की होत नाही. तोवर जवळ जाऊ नका. आणि कुणाला सांगू नका हं काका, माणसं आली की पक्षी घरटं टाकतो.”

“कोनाला म्हंजे कोनाला सांगत न्हाय,” केसरीनाथ म्हणाला. आणि फोन ठेवल्या ठेवल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं : ‘आपल्या जागेत दुर्मिळ पक्ष्याचे घरटे. ठाण्याहून मॅडम येणार. कुणाला सांगू नये.’

एक मात्र खरं, जीव लागला त्याचा. ज्या माणसाने जेवलेलं ताट कधी स्वतः उचललं नाही, तो लोकांना सांगत फिरायला लागला की बाप असून सगळं एकटा करतो हो तो, बिचारा. रोज गोदामाच्या गच्चीवरून दुर्बीण लावून बघायचा. बसलाय. आजही बसलाय. ऊन असो की सर येवो, तो आपला बसलेला. केसरीनाथला त्याचं इतकं कौतुक वाटायचं की खाली बसलेल्या वॉचमनलाही दुर्बीण द्यायचा.

आणि इथेच घोळ झाला. रामनाथ म्हणाला, “मॅडम येनार, आनि त्यांना चिखलातून नेनार काय?”

केसरीनाथच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ठाण्याची पाहुणी येणार, पहिल्यांदा येणार, आणि आपल्या जागेत तिचा पाय मांडीपर्यंत रुतणार. लोक काय म्हणतील? केसरीनाथच्या समाजात पाहुण्याला चिखल दाखवत नाहीत. हळद असो, साखरपुडा असो, आधी मुरूम पडतो, मग मांडव पडतो, मग गालिचा, मग सोफा. शेतात कार्य असेल तर पीक कापून जागा करतील, पण पाहुणा खुर्चीवरच बसेल. अख्ख्या आयुष्यात त्याने कुणाचं स्वागत दुसऱ्या रीतीने केलेलं नव्हतं. कसं करतात तेही त्याला माहीत नव्हतं.

“पन मॅडम बोलली जवल जाऊ नका,” तो म्हणाला.

“जवल कोन जातो? आपन या अंगाला करू. त्याच्या कोपऱ्याला हात नाय लावायचा.”

पार्वती दारात उभी राहून ऐकत होती. “पक्षी बघायला येनार ती, का सोफा?”

“तुला त्यातला काय कलतं,” केसरीनाथ म्हणाला. कोंबडी कुणाची म्हणून आधी विचारलं होतं कुणी, ते तो विसरला होता. ते त्याला फार सोयीचं होतं.

शनिवारी जेसीबी आला. केसरीनाथने ड्रायव्हरला स्वतः उभं राहून सांगितलं, “भाई, वो कोपरे को हाथ नहीं लगाने का. एक तिनका भी नहीं हिलना चाहिए.” ड्रायव्हर चांगला होता. त्याने खरंच कोपऱ्यातलं एक पातं हलवलं नाही. फक्त मुरूम टाकल्यावर पाणी वर यायला लागलं, खुर्च्या रुतल्या असत्या, म्हणून बांधाला एक तोंड पाडून दिलं. पाणी गेलं नाल्याला. या अंगाचं पाणकणीस काढून रोलर फिरवला. वर झालरीचा मांडव चढला. आणि घरट्याचा कोपरा? त्याला तर मंडळाने चारही बाजूंनी बांबू रोवून लाल रिबीन बांधली. मॅडमच्या हस्ते कापायला. त्यासाठी चांदीच्या ताटात कात्री आली.

संध्याकाळी केसरीनाथने गच्चीवरून दुर्बीण लावली. मांडवाचं कापड आडवं येत होतं. काही दिसलं नाही. बसला असेल, तो म्हणाला.

रविवारी क्षितिजा स्कूटीवर आली. मळखाऊ रंगाचा शर्ट, जुने रबरी बूट, पाठीला बॅग. गेटातून आत आली आणि झालर बघून थांबली. माइकवर रामनाथ ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत होता.

“इथे लग्न आहे का कुणाचं?” तिने विचारलं. “मला वाटतं मी पत्ता चुकले.”

“नाय नाय, या, आपलाच कार्यक्रम,” केसरीनाथ हात जोडून पुढे झाला. सगळे उपाध्यक्ष रांगेत उभे. कुणाच्या हातात शाल, कुणाच्या हातात श्रीफळ. “आधी नाश्ता, मग सत्कार, मग रिबीन, मग पक्षी.”

ती गालिच्यावरून तशीच चालत गेली, रबरी बुटांचे ठसे उमटवत, आणि रिबिनीपाशी उभी राहिली. दुर्बीण लावली. मग हाताने खूण केली, आवाज बंद. रामनाथचा माइक बंद झाला. मंडळाच्या स्थापनेपासून एवढी शांतता कधी झाली नव्हती. उपाध्यक्षांनी श्वास घ्यायचा की नाही अशा बेताने उभं राहून बघितलं. क्षितिजा खाली बसली. बराच वेळ बसली. मग रिबिनीखालून वाकून आत गेली आणि हात पुढे करून, अगदी हलकेच, बोटाची मागची बाजू अंड्याला टेकवली.

“गार आहेत,” ती म्हणाली.

केसरीनाथला समजलं नाही. “फिरायला गेला आसंल. येईल की.”

“काका, इथलं पाणी कुठे गेलं?”

“काढला पानी. तुमचे पाय भिजतील म्हनून.” हे त्याने अशा आवाजात सांगितलं की आता शाबासकी मिळणार.

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, राग केसरीनाथला झेपतो. गोदामाच्या धंद्यात रोज कुणी ना कुणी रागावतं. पण ती नुसती बघत होती, जसं मास्तर एखाद्या मोठ्या झालेल्या, तरीही नापास झालेल्या मुलाकडे बघतात.

“तो चिखलात चोच घालून खातो,” ती म्हणाली. “पाणी गेलं, चिखल गेला. भोवतालचं गवत गेलं. तो उघडा पडला. कालच गेला असणार.”

“मी घरट्याला हात नाय लावला. इचारा कोनाला पन. एक काडी हलवली न्हाय.”

“खरंय. घरटं तेवढं ठेवलंत.”

मागे कुणीतरी उगाच खाकरलं. रामनाथने कात्रीचं ताट हळूच सोफ्यामागे सरकवलं. केसरीनाथचा चेहरा उतरला, मग एकदम उजळला. “आत्ता टँकर मागवतो. दोन टँकर वतले की झाला तसाच. रामनाथ, फोन लाव.”

“पाणी येईल, काका. तो टँकरबरोबर येत नाही.”

मग त्याने ते विचारलं, जे त्याच्या पोटात सकाळपासून होतं, आणि त्या गार अंड्यांसमोर उभं राहून विचारताना त्याला जराही लाज वाटली नाही. “मंग माझ्या नावाचा काय? नोंद तर होती नं? फोटू तुम्हीच बोललात स्पष्ट हाय.”

क्षितिजाने हात पुसले. जरा विचार केला. “फोटो खरा आहे. घरटं खरं होतं. अंडी मी बघितली. नोंद घेता येईल. पण घरट्याची नोंद एका दिवसाची नसते. पुढे काय झालं तेही लागतं. हंगाम संपेपर्यंत दर रविवारी तुम्ही स्वतः इथे यायचं, सूर्य उगवताना, आणि जे दिसेल ते कळवायचं. पाणलावा नसेल तर ‘नाही’ म्हणून कळवायचं. ‘नाही’ हीसुद्धा नोंद असते. आणि तोवर जागेत काही करायचं नाही. बांध बुजवा, पाणी साठू दे, बस्स. कशालाही हात लावलात तर नोंद रद्द.”

“आनि का गेला, ते पन लिवनार?”

“ते तर पहिलं लिहिणार.”

उपाध्यक्ष एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यांना वाटलं, आता हा म्हणेल, नको तुमची नोंद. केसरीनाथ बांबूला धरून उभा होता. एकीकडे अब्रू आणि एकीकडे नाव. तसं दोन्ही एकच, असं आजवर त्याला वाटत आलं होतं. आता छापून येणार, जिल्हाभर वाचणार, की पाहुणीचे पाय भिजू नयेत म्हणून यांनी पक्षी घालवला.

“लिवा,” तो म्हणाला. “पन नाव पूर्न लिवा. वडिलांच्या नावासकट.”

पार्वतीने क्षितिजाला नाश्ता केल्याशिवाय सोडलं नाही. बाजूला बसवून तांदळाची भाकर आणि वाटाण्याची भाजी वाढली आणि हळूच विचारलं, “ती मादी आता कुटं आसंल गो?”

“दुसऱ्या खाचरात, मावशी. राहिलं असेल एखादं, तर.”

“आनि इचा नवरा?”

“तोही.”

“त्यांनी ह्यांना बलावलाच न्हवता,” पार्वती म्हणाली आणि अजून एक भाकर वाढली.

पुढच्या रविवारी मांडव उतरला होता. बांधाचं तोंड बुजवलं होतं, पण मुरमावर पाणी कुठे धरतंय. कडेला थोडी ओल होती, बाकी लालभडक सपाट मैदान. मंडळातलं कुणी आलं नाही. वडे नाहीत, गाड्या नाहीत, बघायला काही नाही, कोण येतो? रामनाथने फोनवर सांगितलं, पाठ धरलीय. केसरीनाथ एकटाच उभा राहिला, पांढऱ्या बुटांत, दुर्बीण लावून. एक कावळा. आणखी एक कावळा. भिंतीवर बुलबुल, गोदामाच्या पत्र्यावर घार. त्याने मोबाइलवर सगळं लिहिलं. अध्यक्ष झाल्यापासून त्याने खरोखर पाहिलेले पक्षी खरोखर लिहिण्याची ही पहिली वेळ. शेवटी लिहिलं : ‘पाणलावा नाही.’ आणि पाठवायच्या आधी पुन्हा एकदा त्या कोपऱ्यात बघून आला. अंडी कुत्र्याने की मुंगसाने नेली होती. बांबू होते.

गेटातून एक कंटेनर आत वळला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “शेठ, जगह तो एकदम मस्त बना दी. पूरी प्लेन. गाड़ी इधर लगा दूँ?”

“इधर नहीं.”

“क्यों? कुछ बनने वाला है क्या?”

“कुछ नहीं बनेगा.”

ड्रायव्हर त्या मैदानाकडे बघत राहिला. भिवंडीत रस्त्याला लागून एवढी सपाट जागा, आणि काही नाही? “कोर्ट का लफड़ा है?”

“चिड़िया का,” केसरीनाथ म्हणाला. “गाड़ी आयेगी तो नाम कट जायेगा.”

“किसका?”

केसरीनाथने छातीवर बोट ठेवून दाखवलं. ड्रायव्हरला काही उमगलं नाही, पण शेठ लोकांचं सगळंच उमगलं पाहिजे असं नसतं. त्याने गाडी मागे घेतली. केसरीनाथ मुरमावर मधोमध उभा राहून हात हलवत होता, और पीछे, और पीछे, और. गाडी गेटाबाहेर जाईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.